मॅगझिन : एका शब्दाच्या नकाशाच्या नोंदी

११ जानेवारी

काम आजपासून. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर दरवर्षी काहीतरी लावतो. काहीतरी म्हणजे कुसुमाग्रजांचा फोटो, हार आणि मागच्या वर्षीचेच सुविचार. यंदा एकच शब्द घेऊन त्याचा नकाशा करायचा, असं मी सभेत बोलून बसलो. शब्द 'मॅगझिन'. सुचला मागच्या खोलीच्या दारावरून. जुन्या मासिकांचे गठ्ठे त्या खोलीत आहेत, आणि दारावर कुणीतरी केव्हातरी तेलरंगाने 'मॅगझिन' एवढंच रंगवून ठेवलंय. खोलीची किल्ली खजिनदारांकडे असते, कारण देणगीपेटीही तिथेच.

युरोपचा मोठा नकाशा, प्रत्येक देशावर तिथला उच्चार आणि तिथला अर्थ, एवढी कल्पना. चिटणीस म्हणाले, "मराठी दिनाला युरोप कशाला?" मी म्हटलं, शेवटचं कार्ड मराठीच आहे. कोणतं, ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही तोवर हातात नव्हतंच.

१३ जानेवारी

चिटणीसांना द्यायचं उत्तर सापडलं, तेही पहिल्याच दिवशीच्या वाचनात.

मूळ अरबी. ख-ज़-न हा धातू, अर्थ साठवणं. अरबीत अशा धातूच्या पुढे 'म' लावला की बरेचदा त्या क्रियेची जागा तयार होते. सजदा जिथे करायचा ती मस्जिद, दर्स म्हणजे पाठ जिथे चालतो तो मदरसा, बसायची जागा ती मजलिस, उतरायची जागा ती मंज़िल. मंज़िल आपल्याकडे 'मजल दरमजल' करत आली आणि इमारतीत शिरून 'मजला' झाली. तसंच साठवायची जागा ती मख्ज़न, आणि तिचं अनेकवचन मखाज़िन. हे अनेकवचनच भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात गेलं आणि तिथे एकवचन होऊन बसलं. 'कोठारं' या शब्दाने एक कोठार! आपणही 'एक चिप्स दे' म्हणतोच.

आता गंमत. त्याच ख-ज़-न पासून खज़ाना, आणि तो फारसीच्या वाटेने मराठीत खजिना. म्हणजे आमचे खजिनदार आणि ते ज्याची किल्ली सांभाळतात ते मॅगझिन, दोघांचं गोत्र एक. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग मानधन वाढवा."

शेवटचं कार्ड ठरलं : खजिना.

१७ जानेवारी

रंग ठरवले. हिरवा म्हणजे कोठार, पिवळा म्हणजे दुकान, निळा म्हणजे नियतकालिक, लाल म्हणजे दारूगोळा. प्रत्येक देशाला एक रंग. सोपं वाटलं होतं.

इटली : मागाद्झीनो, गोदाम. हिरवा. फ्रान्स : मागाझाँ, दुकान. पिवळा. रशिया : मागाझीन, दुकान. पिवळा. रुमानिया आणि बल्गेरियाही पिवळे. ग्रीस : मागाझी, दुकानच. सर्बिया : मागात्सिन, गोदाम. इथवर पेन्सिल भराभर चालली.

पोलंडला अडली. तिथे मागाझिन म्हणजे गोदामही आणि मासिकही. स्वीडनमध्येही तसंच. जर्मनीत तर कहर : मागात्सीन म्हणजे कोठार, मासिक, टीव्हीवरचा साप्ताहिक कार्यक्रम, बंदुकीतली काडतुसांची पेटी, आणि ग्रंथालयात वाचकांना प्रवेश नसलेली पुस्तकांची मागची खोली. हा शेवटचा अर्थ वाचून मी उठून आमच्या त्या दाराकडे बघून आलो. रंगवणाऱ्याला जर्मन येत नसणार, पण पाटी जर्मनीत शोभली असती.

एक रंग एक देश, हा नियम रद्द. पट्टे काढायचे.

२० जानेवारी

आज फक्त स्पेन आणि पोर्तुगाल, पण दिवस कारणी लागला.

स्पेनमध्ये शब्द आल्मासेन, पोर्तुगालमध्ये आर्माझें. पुढे हा 'आल' कुठून आला? ते अरबी उपपद, इंग्रजी 'द'सारखं. अल-मख्ज़न असा अख्खा घास त्यांनी उचलला. इटालियनांनी उपपद सोडून दिलं. आणि हे या एकाच शब्दाचं नाही. कापूस स्पॅनिशमध्ये आल्गोदोन, इटालियनमध्ये कोतोने. दोन्ही अरबी कुत्नपासून. साखर स्पॅनिशमध्ये आसूकार, इटालियनमध्ये झुक्केरो. सुक्करच्या आधीचं 'अल' बोलताना 'अस्' होतं, तेही स्पेनने ठेवलं.

कारण भूगोलात आहे. इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, अरबी बोलणारे लोक काही शतकं शेजारी राहिले. शब्द बाजारात, शेतात, घरात कानावरून गेले, जसे बोलले तसे. इटलीच्या बंदरांत ते मालाबरोबर आले. व्यापारी माल घेतो, वेष्टन टाकतो. (हे शेवटचं वाक्य कार्डावर नको, फार चमकदार झालंय. नोंदीत राहू दे.)

पोर्तुगालच्या कार्डावर एक ओळ वाढवली. लिस्बनमध्ये राजाचं 'आर्माझेंस' नावाचं खातं होतं. गोव्याकडे निघणारी जहाजं सज्ज करणं, शिधा, दोर, शिडं, तोफा पुरवणं हे त्याचं काम, आणि खलाशांना द्यायच्या नकाशांचा मूळ प्रमाण नकाशाही त्याच्याच ताब्यात. नकाशासुद्धा कोठारात ठेवायची वस्तू होती.

मोरोक्कोचं कार्ड युरोपच्या चौकटीबाहेर जातं, पण सोडवत नाही. तिथे 'मख्ज़ेन' म्हणजे चक्क सरकार. कर जमा होऊन ज्या कोठारात पडायचा त्याचं नाव राजसत्तेलाच चिकटलं.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर सुभेदारकाका टेबलाशी आले. कच्चा नकाशा पाहिला, चष्मा वर केला. "मॅगझिन म्हणजे काय ते मला विचार. एसएलआर रायफलचं, वीस राउंडांचं. बोटं सोलून निघायची भरताना. हे दुकान-बिकान काय लिहिलंयस?"

मी म्हटलं, काका, तेही कोठारच. लहानसं, बंदुकीला लटकवलेलं. आधी मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याची इमारत, मग जहाजाच्या पोटातली दारूची खोली, आणि एकोणिसाव्या शतकात एकामागून एक गोळ्या सोडणाऱ्या रायफली आल्या तेव्हा त्यांच्यातली काडतुसांची पेटी. काकांना हे पटलं. एवढंच म्हणाले, की लाल रंग फार फिका घेतलायस.

इमारतीच्या अर्थाला दाखला दिल्लीचाच. ११ मे १८५७ रोजी काश्मिरी दरवाजाजवळचं कंपनीचं मॅगझिन उठाववाल्यांच्या हाती पडू नये म्हणून लेफ्टनंट विलोबी आणि त्याच्या हाताखालच्या मूठभर लोकांनी उडवून दिलं. त्याची दोन दारं अजून भर रस्त्यात उभी आहेत.

काका जाताना : "आणि मासिकाला मॅगझिन का म्हणतात मग? त्यात काय उडतं?"

१ फेब्रुवारी

काकांच्या प्रश्नाला आठवडा गेला. हा भाग सगळ्यात चांगला निघाला, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. कार्डावर यातलं चतुर्थांशही मावणार नाही.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या शेवटी आला तो कोठार म्हणूनच. सतराव्या शतकात काही पुस्तकांच्या नावांत तो दिसायला लागतो : अमुक विषयाचं मॅगझिन, म्हणजे त्या विषयाच्या माहितीचा साठा. आपण 'ज्ञानभांडार' म्हणतो तसं. पण नियतकालिकाला तो चिकटवला एका माणसाने. एडवर्ड केव्ह. रग्बी गावच्या चांभाराचा मुलगा, छपाईची उमेदवारी केलेला, पुढे टपालखात्यात नोकरीला. तिथे गावोगावची वर्तमानपत्रं त्याच्या हाताखालून जात. लंडनमध्ये दर आठवड्याला इतके कागद छापून निघतात की ते सगळे घ्यायला पैसे नाहीत आणि वाचायला वेळ नाही, हे त्याने पाहिलं. सगळ्यांचं सार काढून महिन्याला एक अंक करावा, ही कल्पना घेऊन तो प्रकाशकांकडे फिरला. कुणी हात लावला नाही. शेवटी जानेवारी १७३१ मध्ये स्वतःच काढला : 'जंटलमन्स मॅगझिन'. छापखाना लंडनमधल्या क्लार्कनवेलच्या सेंट जॉन्स गेट नावाच्या जुन्या दगडी वेशीत, आणि मुखपृष्ठावर त्या वेशीचंच चित्र.

म्हणजे नाव अगदी शब्दशः घेतलं होतं. सुरुवातीला त्यात स्वतःचा माल फारसा नव्हताच. दुसऱ्यांनी पिकवलेलं आणून, निवडून, रचून ठेवलेलं कोठार. दारावर वेस. अंक चालला, पुढच्याच वर्षी स्पर्धक उभा राहिला त्यानेही नावात मॅगझिन घातलं, मग पाहता पाहता एका मासिकाचं नाव ते साऱ्या मासिकांचं नाव झालं. आपल्याकडे डालडाचं आणि झेरॉक्सचं झालं तसं.

याचा साक्षीदारही सापडला, आणि तोही केव्हच्याच पगारावरचा. सॅम्युअल जॉन्सन लंडनला आला तेव्हा पोटापाण्याचं पहिलं नियमित लेखन त्याने याच मासिकात केलं. पुढे १७५५ मध्ये त्याचा कोश निघाला. त्यात मॅगझिनचा पहिला अर्थ कोठार, बहुधा शस्त्रांचं किंवा शिध्याचं. दुसरा अर्थ देताना तो सांगतो की अलीकडे हा शब्द संकीर्ण मजकुराच्या पुस्तिकेलाही लावतात, आणि हे एडवर्ड केव्हच्या मासिकावरून आलं. शब्दाला नवा अर्थ फुटताना शेजारी बसलेला माणूस कोशकार निघावा, असं दुसऱ्या कुठल्या शब्दाच्या नशिबी आलंय?

मग ही नवी मुद्रा मारून शब्द परत युरोपात गेला. फ्रेंचांकडे दुकानासाठी 'मागाझाँ' होताच. त्यांचाच शब्द इंग्रजांनी नेला होता, तो 'मागाझीन' होऊन मासिक म्हणून परत आला आणि त्यांनी वेगळा खण करून ठेवून घेतला. आज पॅरिसमध्ये मागाझाँमध्ये जाऊन मागाझीन विकत घेता येतं. रशियाने नाही घेतला. दुकानाला शब्द अडकलेला, म्हणून मासिकाला झुर्नाल. इटलीत रिव्हिस्ता.

काकांसाठी उत्तर एका ओळीत : त्यात काही उडत नाही, साठवलेलं असतं.

५ फेब्रुवारी

मेहुण्याबरोबर मुंबईला. त्याला शेडसाठी जुन्या जहाजांच्या लोखंडी प्लेटा हव्या होत्या, त्या मिळतात दारूखान्यात, हार्बर लाइनवरच्या रे रोडला उतरून. गॅस कटरचा वास, रस्त्यावर साखळदंडांचे ढीग, एका दुकानासमोर तर अख्खी शिडी उभी. मेहुणा भाव करत होता, मी पाट्या वाचत होतो. एका पाटीवर पत्ता : मॅगझिन स्ट्रीट, दारूखाना.

दोनदा वाचला. दारूखाना म्हणजे बंदुकीच्या दारूचं कोठार. मॅगझिन म्हणजेही तेच. एका पत्त्यात एकच गोष्ट दोनदा लिहिलेली, एकदा फारसी वळणाच्या मराठीत आणि एकदा अरबीतून इंग्रजीत. दुकानदाराला विचारलं, इथे मॅगझिन कुठे होतं? तो म्हणाला, "पेपरचा स्टॉल स्टेशनला आहे."

परतताना मेहुण्याची थिअरी : माझगावही त्यातलंच असणार, मॅगझिन-गाव. नाही. गावाचं नाव इंग्रजांच्या आधीपासूनचं आहे. पण ऐकायला झकास वाटतं, तेव्हा हे आता कुठेतरी फॉरवर्ड होत राहणार.

९ फेब्रुवारी

भाची रॉटरडॅमला असते. तिला व्हॉइस मेसेज पाठवायला सांगितला होता : डच शब्द बोलून दाखव. तिचं उत्तर : "मामा, हा शब्द मला न विचारताच पाठ झालाय. शिकत असताना पार्टटाइम काम शोधलं की निम्म्या जाहिराती याच. माखाझैन. पॅकिंग, स्कॅनिंग, रात्रपाळी."

पुन्हा लावून ऐकला. डच लोक ग ला घशातून घासून खरखरीत ख सारखा काढतात. मा-खा-झैन. मूळ अरबी मखाज़िन. वाटेत ख चा ग झाला होता, तो उत्तरेला जाऊन परत ख झाला. निव्वळ योगायोग, डचांना अरबीशी काही देणंघेणं नाही. पण तिचा आवाज आणि अरबी उच्चार एकापाठोपाठ लावले तेव्हा वाचनालयातल्या चार पोरांनी मान वर केली.

नेदरलँड्स : हिरवा.

१४ फेब्रुवारी

अडलेला प्रश्न : कोठाराचं दुकान कसं होतं? केव्हची गोष्ट समजली. ही कळत नव्हती.

उत्तर आमच्या गल्लीच्या टोकाला होतं. लाकडाची वखार. वखार म्हणजे मुळात माल साठवायची जागा. सुरतेला इंग्रजांची होती ती वखारच. आज आपण वखारीत जातो ते फळ्या विकत घ्यायला. साठा मोठा असला की गिऱ्हाईक दुकानात थांबत नाही, थेट साठ्यापाशी येतं, आणि एक दिवस साठ्याच्या दारात गल्ला मांडला जातो. भांडाराचं तेच झालं. भांडार म्हणजे कोठार, पण खादी भांडारात आपण शर्टपीस घेतो. बुक डेपोतला डेपो तोच, किराणा स्टोअर्समधलं स्टोअर तेच. चौकात उभं राहून पाट्या मोजल्या तर 'दुकान' हा शब्द कमी आणि कोठारंच जास्त.

फ्रान्समध्ये लहान दुकानाला आधीपासून बुटीक होता. मोठ्या जागेचा, भरपूर साठ्याचा धंदा दाखवायचा तर मागाझाँ म्हणायचं. एकोणिसाव्या शतकात 'थोर मागाझाँ' आले, मजल्यांमागून मजले, प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत. मॉस्कोच्या लाल चौकातलं गूम त्याच जातीचं. इमारत १८९३ ची, काचेच्या छपराची. नाव पडलं १९२१ मध्ये, सरकारी सार्वत्रिक मागाझीन या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून. म म्हणजे आपलाच तो.

आणि बुटीक? बघायचं नव्हतं, बघितलं. ग्रीक आपोथेके, अर्थ कोठार. त्यातूनच स्पॅनिश बोदेगा म्हणजे दारूचं तळघर, जर्मन आपोथेके म्हणजे औषधाचं दुकान, आणि फ्रेंच बुटीक. एका कोठाराने दुसऱ्या कोठाराला मागे सारलं होतं तर. आमच्या बाजारपेठेत ब्लाउज शिवणारी तीन बुटीक आहेत. हा रस्ता इथेच बंद करतो, नाहीतर नकाशा पुढच्या वर्षी लागेल.

चेक लोकांचं तळघर ते पोलिश लोकांचं दुकान, शब्द दोन्हीकडे 'स्क्लेप'. बंद म्हटलं ना.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, वाचनालयाला सुट्टी. घरी बसून मराठी कार्ड.

शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या, म्हणजे राज्याच्या खात्यांच्या, यादीत खजिना आहे, दारूखाना आहे आणि धान्याचा अंबरखानाही आहे. पन्हाळ्याच्या अंबरखान्याच्या कोठ्या पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. युरोपात हे तिन्ही एका मॅगझिनमध्ये कोंबले गेले असते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये गावोगावी असलेल्या धान्यकोठारांना, जिथून शेतकऱ्यांना बी उसनं मिळायचं, हेच नाव होतं. मराठीने तीन खोल्या वेगळ्या ठेवल्या.

आणि मासिकं? १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी मासिक काढलं त्याचं नाव 'दिग्दर्शन'. १८७४ ची 'निबंधमाला'. आमच्या लोकांना दिशा दाखवायच्या होत्या, माळा गुंफायच्या होत्या. साठ्याच्या सगळ्यात जवळ जातो तो १८७८ चा 'काव्येतिहाससंग्रह'.

पण केव्हने जी उडी मारली ती आपण त्याच्या किती आधी मारली होती, हे कार्ड लिहिता लिहिता लक्षात आलं. कोश. राजाचं द्रव्य ठेवायची जागा म्हणजे कोश, आणि शब्द ठेवायची जागा म्हणजेही कोश. अमरकोश, राज्यव्यवहारकोश. जिल्ह्याच्या कोषागारात पेन्शनसाठी उभे राहणारे आणि आमच्याकडे शब्दकोश मागणारे, बरेचदा तीच माणसं असतात.

कार्डाचा मथळा 'खजिना' होता तो बदलून 'खजिना आणि कोश' केला.

२३ फेब्रुवारी

फ्लेक्स आला. सहा बाय चार. रशिया, बल्गेरिया, सर्बिया आणि ग्रीस या चारही ठिकाणी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन. छापणाऱ्याच्या मशीनवर ते फॉन्ट नव्हते. त्याने फोनवर सांगितलं, "साहेब, मला वाटलं डिझाइन आहे." पिवळा आणि हिरवा एकमेकांत मिसळून रुमानिया पोपटी झालाय.

पुन्हा छापायला पैसे नाहीत. खजिनदारांनी मान हलवली, आडवी. ठरवलं : चौकोनांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवायच्या आणि सगळीकडे उच्चार देवनागरीत. खरं तर पहिल्यापासून हेच करायला हवं होतं. वाचणार कोण आहेत?

रात्री साडेनऊपर्यंत पट्ट्या. ग्रंथपालबाईंचं अक्षर माझ्यापेक्षा बरं, युरोप त्यांनीच लिहिला.

२७ फेब्रुवारी

तक्ता लागला. मोजके प्रसंग.

नववीतली मुलगी : "मगज म्हणजे मेंदू, मग मॅगझिन मेंदूचं खाद्य का नाही?" प्रश्न चांगला, उत्तर नाही. मगज फारसी मग्ज़पासून, त्याच्यात ख-ज़-न नाही. गॅझेटही वेगळं. ते व्हेनिसच्या एका हलक्या नाण्याच्या नावावरून. तिने दोन्ही वहीत लिहून घेतलं.

खाणीवरचे सुपरवायझर लाल रंगासमोर बराच वेळ उभे. "आमचं मॅगझिन दाखवलं नाहीत." त्यांचं म्हणजे सुरुंगाची स्फोटकं ठेवायची पक्की खोली, वस्तीपासून लांब, कुंपणातली. तिच्या लायसन्ससाठी नागपूरच्या ऑफिसला फेऱ्या मारलेले गृहस्थ. तीनशे वर्षांपूर्वीचा अर्थ अजून परवान्याच्या कागदावर जिवंत आहे आणि रोज कुणीतरी त्याला कुलूप लावतंय, हे माझ्या नकाशात कुठेच नव्हतं. खाली कोपऱ्यात महाराष्ट्राएवढी जागा उरली होती. ग्रंथपालबाईंनी लाल पेनाने त्यांच्या देखत लिहिलं.

सुभेदारकाकांनी लाल रंग बघितला. "आता ठीक."

चिटणीसांनी भाषणात कुसुमाग्रज, मग खजिना आणि कोश. युरोपचं नाव घेतलं नाही.

२ मार्च

तक्ता उतरवला. गुंडाळून मागच्या खोलीत ठेवायचा होता. किल्ली खजिनदारांकडे आणि ते लग्नाला सांगलीला. तोवर माझ्या टेबलामागे उभा करून ठेवलाय.